चिंध्या बांधलेले पाच मुळे

“पण बुवा, आता आणिक काय राहिलं?”

केरबानं हे विचारलं तेव्हा धोंडबुवा मठाच्या पायरीवर पाय पसरून ऊन खात बसले होते. पौषातली सकाळ होती. ओढ्याकडून गार वारा येत होता आणि बुवांनी घोंगडी कानांवर ओढून घेतली होती.

“कशात राहिलं?” बुवा म्हणाले.

“माझ्यात. अनुग्रह द्यायला माझ्यात काय कमी हाय, तेवढं एकदा सांगा.”

बुवांनी डोळे मिटून घेतले.

केरबा थांबला. थांबणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं, पण आज तो थांबला. शेजारी त्यानं आणलेली पाटी होती, वर धुतलेला पंचा झाकलेला.

“...बुवा?”

“ऐकतोय.”

केरबाला आणि त्याच्या घाईला समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. मठाच्या मागं ओढ्याला लागून काळी जमीन होती. मठातल्या कुणा जुन्या स्वामींनी तिचे बावीस तुकडे पाडले आणि गावातल्या बावीस घरांना भाजीपाल्यापुरते लावून दिले. तुकड्याला पट्टी म्हणत. पट्टी इतकी अरुंद की तीत बैल वळायचा नाही, म्हणून सगळं काम कुदळीनं आणि खुरप्यानं. ज्या घराला पट्टी, त्या घरच्या कर्त्या माणसानं मठात अनुग्रह घ्यायचा, म्हणजे बुवांकडून कानात मंत्र घ्यायचा, असा रिवाज पडला होता. एकादशीचा फराळ असो की पारण्याची पंगत, अनुग्रह झालेली माणसं आत बसत. केरबा सेहेचाळीस वर्षांचा झाला तरी पडवीत बसायचा.

पडवीत बसण्याचं दुःख त्याला होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचे वडील गेले तेव्हा अखेरच्या दिवशी त्यांनी एकच विचारलं होतं, “घेतलास का रं अनुग्रह?” आणि केरबानं त्यांचा हात धरून “व्हय” म्हटलं होतं. म्हातारा समाधानानं गेला. केरबाच्या छातीत मात्र तो “व्हय” सहा वर्षं रुतून बसला होता.

त्यानं पहिल्या वर्षी बुवांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पुढच्या साली.” दुसऱ्या वर्षी म्हणाले, “बघू.” तिसऱ्या वर्षी त्यांनी त्याला एक पेरू दिला. पेरूचा अर्थ काय, यावर केरबानं पुढचे सहा महिने डोकं खाजवलं.

आता मात्र दिवस उरले नव्हते. पौर्णिमेला बुवा काशीला निघायचे होते. परत येणार नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती.

म्हणून केरबा आज तयारीनिशी आला होता.

“बुवा, माझी पट्टी तुमी बघितलीसा न्हवं?”

“बघितली.”

“दिवाळी झाली की दोडक्या-कारल्याचे वाळके वेल मी काढलं. मांडवाचं कुजकं बांबू बदललं. पाट फुटला हुता, त्यो बांधला. शेणखत पसरून सगळी पट्टी दोनदा खणली... एकट्यानं! कुंपणाला नवी बाभळ घातली. बाकीच्यांच्या कुंपणातनं म्हस जाईल, माझ्यातनं उंदीर जायचा न्हाई.”

“व्हय. माझं धोतर फाटलं त्यात.”

केरबाला हे कौतुकच वाटलं.

“आन् वाटाणा? सगळ्या पट्ट्यांवर फुलं धरत हुती, तवा मी शेंगा आणून दिल्या मठात.”

“गोड हुता वाटाणा.”

“मग?”

बुवांनी पाय जवळ घेतले.

“बी कुठलं हुतं?”

“घरचं. माझ्या आईच्या हातचं बी हाय ते. विकत कशाला आणीन?”

“घरात कुठनं आलं?”

“उतरंडीतनं. मडक्यात असतंय.”

“आन् मडक्यात कुठनं येतंय?”

केरबाला हसू आलं. म्हातारपणी माणूस काय काय विचारतो! “आता बुवा... मडक्यात बी असतंयच की.”

“असतंयच,” बुवा म्हणाले, आणि मान हलवत राहिले. “असतंयच...”

केरबाला वाटलं, बुवा पाघळले. हीच वेळ. त्यानं पाटी पुढं ओढली आणि पंचा बाजूला केला.

पाटीत पाच मुळे होते. पण मुळे म्हणजे काय मुळे! पांढरेशुभ्र, सरळ, कुठं फाटा नाही, कुठं कीड नाही. सगळ्यांत लांब होता तो हातभर तरी असेल. केरबानं ते ओढ्यावर तीनदा धुतले होते, आणि पानंसुद्धा एकेक करून पुसली होती.

“सबंध वाफ्यातलं निवडक पाच. चार आजच्या पंगतीला. आन् ह्यो...” त्यानं हातभर लांबीचा मुळा दोन्ही हातांवर आडवा धरला. “ह्यो तुमच्या पायाशी.”

बुवांनी मुळा हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. पानांच्या बुडाशी त्यांचं बोट थांबलं. तिथं देठांवर एक बारीक वळ उमटला होता.

“हितं काय बांधलं हुतं?”

“चिंधी,” केरबा छाती फुगवून म्हणाला. “पाचींनाबी हुत्या. मी सोडल्या. देवाच्या दारात चिंध्या कशाला आणायच्या?”

“चिंधी कशाची?”

“दृष्ट लागू नये म्हणून. आमच्या मंडळींनी लुगड्याचा काठ फाडून बांधल्या हुत्या. येता-जाता लोक थांबून माझं मुळं बघत्यात, आता तुमास्नी काय सांगायचं...”

“तिनं सांगितलं, दृष्टीसाठी म्हणून?”

“सांगाय कशाला पायजे? मला कळत न्हाई व्हय?”

 बुवांनी मुळा परत पाटीत ठेवला, अगदी हळू, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा.

तेवढ्यात मठाचं फाटक जोरात वाजलं.

केरबाची बायको हौसा आली होती. पदर खोचलेला, पायाला घोट्यापर्यंत चिखल, हातात विळा. धावत आल्यामुळं तिला बोलता येईना. तिनं पाटी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“अवो, काय केलंसा ह्ये!”

“काय केलं? बुवांना मुळं आणलं.”

“अख्खा वाफा सोडून तुमास्नी ह्येच घावलं?”

“चांगलं हुतं म्हणून आणलं. देवाला काय वाईट आणायचं?”

“बियाचं हुतं ते!”

केरबाला कळलंच नाही. “कसलं बियाचं?”

“बी धराय ठेवलं हुतं! चिंध्या बांधल्या हुत्या की मी. आंधळं हायसा काय?”

 हौसा बुवांसमोर नवऱ्याला आंधळा म्हणाली होती, आणि ते तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“मुळ्याचं मडकं यंदा झाडून पेरलं,” ती म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. “गेल्या साली शेंगा भरल्या आन् अवकाळी पावसानं कुजल्या. मडक्यात मूठभर जुनं बी हुतं, तेवढंच. सगळा वाफा बघून, वाकून वाकून मी पाच निवडलं. सासूबाई बघायच्या तसं. पान कमी, बूड सरळ, आन् उशिरा फुलावर येनारं... ते तुमी उपटलंसा.”

केरबाचा चेहरा पडला.

मडकं त्याच्या आईचं होतं. दोन वर्षांमागं ती गेली. लहानपणी, बापाच्या हाताखाली, आता स्वतःच्या संसारात, जन्मभर त्यानं जो मुळा खाल्ला, तो त्या मडक्यातला. ते कधी रिकामं होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पावसाळ्यात कौलं गळतात, बैल म्हातारा होतो, पण मडक्यात बी असतंच, असं त्याला पोटातून वाटत आलं होतं.

आणि आता ते बी समोर पाटीत धुऊन-पुसून पडलं होतं. त्यानंच आणलं होतं, बापाला दिलेलं एक खोटं निस्तरायला आईच्या हातचं बी उपटून.  त्याला रडू आलं असतं, पण बुवा बघत होते.

तो उठला. पाटी उचलून त्यानं छातीशी धरली.

“बुवा, अनुग्रह ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मी पडवीतच बसीन. ह्ये मी परत लावून येतो.”

“लाव,” बुवा म्हणाले.

पट्टीवर तिघंही गेले. पुढं केरबा पाटी घेऊन जवळजवळ पळत, मागं हौसा, आणि तिच्या मागं काठी टेकत बुवा. आजूबाजूच्या पट्ट्यांवर माणसं मेथी खुडत होती, लसणीला पाणी देत होती. बुवा मठातून बाहेर पडलेले पाहून ती एकेक करून बांधावर येऊन उभी राहिली.

वाफ्यात पाच खड्डे होते. केरबानं सगळ्यांत लांब मुळा घेतला, खड्ड्याजवळ गुडघे टेकले आणि तो होता तसा, पानांसकट, आत बसवायला लागला. मुळा जाईना. त्यानं दाबला.

“अवो, काय करतायसा?” हौसा म्हणाली.

“जिथला तिथं लावतोय.”

“असा?”

“मग कसा?”

हौसानं त्याच्या हातातून मुळा काढून घेतला. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिच्या लक्षात आलं की या माणसाला खरोखरच माहीत नाही. बावीस वर्षं तिच्या हातचं खाऊन, तिच्या शेजारी खुरपून, याला एवढंही माहीत नाही.

“उपटायचंच हुतं,” ती म्हणाली. “परवा मीच उपटनार हुते.”

“काय?”

“बी धरायचं म्हंजे उपटावा लागतोयच. माझ्या हातनं सावलीत उपटायचा, आन् लगोलग लावायचा, एवढाच फरक. तुमी मातूर त्यो घासून घासून धुतलासा.” तिनं बोटानं मुळ्याचं अंग दाबून पाहिलं. “बघू. अजून वल हाय.”

तिनं विळा मातीत रोवून पायानं दाबून धरला, पातं वर करून. मुळा पात्यावर धरला आणि मधला कोंब सांभाळत वरची सगळी पानं छाटून टाकली.

केरबा बघतच राहिला. तीच पानं त्यानं सकाळी एकेक पुसली होती.

मग तिनं वरून वीतभर अंतर धरलं आणि खालचा सगळा मुळा कापला.

“अगं!” केरबा ओरडला.

हातभर मुळ्यातला वीतभर हौसाच्या हातात राहिला. बाकीचा खाली पडला. बांधावरची माणसं हसली.

हौसानं कापलेली बाजू उन्हाकडं करून पाहिली. मग तिनं ती केरबापुढं धरली.

आत जाळी पडली होती. बाहेरून नितळ, पांढरं, आणि आत सगळं पोकळ, भोकंच भोकं.

“ह्यो न्हाई चालत,” ती म्हणाली. “ह्याचं बी धरलं तर पुढं सगळं असलंच निपजतं.”

“पन ह्यो तर सगळ्यांत...”

“बाहेरनं काय कळतंय? मलाबी कळलं न्हाई. मीच चिंधी बांधली की ह्याला. म्हणून तर कापून बघायचं.”

तिनं तो बाजूला टाकला. हा बुवांचा मुळा होता. केरबाच्या कानशिलांची आग झाली.

बुवांनी काठी बगलेत धरली, खाली वाकले, आणि टाकलेल्या तुकड्यांपैकी एक उचलला. धोतराच्या सोग्याला पुसून त्यांनी त्याचा एक घास घेतला. चावायला त्यांना वेळ लागला. दात थोडेच राहिले होते.

“माझा हाय न्हवं?” ते केरबाला म्हणाले. “मग खातो.”

बाकीचे चार हौसानं तसेच कापले. पहिला भरीव निघाला. दुसरा भरीव. तिसऱ्याच्या वेळी केरबा पात्यापाशी वाकून बघत होता. तोही भरीव निघाला, आणि चौथाही. चार बोडके, आखूड खुंट ओळीनं मातीवर पडले. आता त्यांच्याकडं बघून कुणी रस्त्यात थांबलं नसतं.

“चारांवर भागतंय?” केरबानं विचारलं.

“भागंल. एकट्याला शेंगा धरत न्हाईत. चार असलं म्हंजे झालं.”

हौसानं हात झटकले. मग तिनं ते चार खुंट उचलून केरबाच्या ओंजळीत ठेवले.

“लावा.”

“मी?”

“तुमीच उपटलंसा. तुमीच लावा.”

केरबा वाफ्यात बसला. त्यानं खुरप्यानं पहिला खड्डा मोकळा केला. मग खुंट हातात घेतला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. किती खोल जायला पाहिजे? कोंब मातीत दडवायचा की वर ठेवायचा? सरळ लावायचा की तिरका? माती दाबायची की सैल सोडायची? पट्टी दोनदा खणलेल्या, पाट बांधलेल्या, कुंपणातून उंदीर जाऊ न देणाऱ्या माणसाला यातलं एकही माहीत नव्हतं.

त्यानं सवयीनं बुवांकडं पाहिलं.

“बुवा, किती खोल?”

बुवा मुळा चावत होते.

“मला काय ठावं?”

केरबाला वाटलं, थट्टा आहे. त्यानं बुवांचा चेहरा निरखून पाहिला. थट्टा नव्हती. म्हाताऱ्याला खरंच माहीत नव्हतं.

“तुमास्नी ठावं न्हाई?”

“न्हाई बा. साठ वरसं नुसतं आयतं खाल्लं.”

वारा पडला होता. शेजारच्या पट्टीत कुणीतरी पाण्याचं दार फोडलं होतं, आणि पाटातून पाणी सरकत येत होतं. बांधावर दहा-बारा माणसं उभी होती. त्यातली निम्मी पंगतीला आत बसणारी.

केरबानं मान खाली घातली.  काय विचारायचं ते त्याला माहीत होतं, कुणाला विचारायचं तेही. पण ते शब्द त्याच्या तोंडून कधी निघालेच नव्हते. बाजाराला जाताना नाही, पेरताना नाही, घर शाकारताना नाही. बावीस वर्षांत नाही.

“...हौसा.”

“काय?”

“किती खोल लावायचा?” त्यानं खुंट तिच्यापुढं धरला. “मला येत न्हाई. शिकीव.”

हौसा दचकली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग बांधावरच्या माणसांकडं. तिला त्याची कीव आली, आणि कीवेहून जास्त दुसरंही काही आलं, ज्यानं तिचे डोळे भरून आले. चारचौघांत नवऱ्याला धडा दिल्यासारखं व्हायला नको, म्हणून ती त्याच्याजवळ खाली बसली, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि अगदी हलक्या आवाजात सांगायला लागली.

बुवांनी हातातला मुळ्याचा तुकडा संपवला. काठी कुंपणाला टेकवून ठेवली. पायातल्या खडावा काढून बांधावर सारल्या. मग एका हातानं गुडघा धरत, कण्हत, ते वाफ्यात उतरले आणि केरबाच्या शेजारी ओल्या मातीत मांडी घालून बसले.

“जरा मोठ्यानं सांगा, हौसाबाई,” ते म्हणाले. “आमी दोघं हाय.”